तातेरावच्या घाण्याचा बैल

१९३७ सालच्या नाताळच्या सुट्टीत मी मुंबईहून गावी आलो, तो गुरांच्या पोटातले सगळे जंत तोंडपाठ करून. मार्चमध्ये गुरांच्या डॉक्टरीची शेवटची परीक्षा होती. कोणता किडा कुठे अंडी घालतो, कोणत्या गोगलगायीत वाढतो, हे मी झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगितलं असतं. पण ऐकायच्या लायकीचा एकही माणूस गावात नव्हता.

हिंगोलीपासून तीन कोसांवरचं आमचं गाव म्हणजे अडाण्यांचा बाजार. जनावर लंगडलं की विळा तापवून डाग द्यायचा. पोट फुगलं, डाग. चारा सोडला, डाग. आमचे वडील माणिकराव, चांगले शंभर एकरांचे धनी, पण त्यांचाही भरवसा त्या विळ्यावरच. मला या सगळ्यांची किळस यायची आणि ती लपवायची गरज मला कधी वाटली नाही.

तशात एका सकाळी तातेराव तेली आणि त्याची बायको मंजुळाबाई बैल घेऊन आमच्या दारात उभी राहिली. त्यांच्या घाण्याला हा एकच बैल. तो फिरला तर तेल, तेल निघालं तर भाकर.

"खाऊन न्हाई राहिला, डाक्टरसाब," मंजुळाबाई म्हणाली. "जबड्याखाली पान्याची पिशवीच लटकली. काहून झालं असंल?"

त्या सुजेवर दोन ताजे काळे डाग होते.

"डाग कुणी दिला?"

"म्या," तातेराव म्हणाला.

"तुझ्या जिभेला द्यायला पाहिजे होता."

दोघंही हसली. मोठ्या घरच्या पोरानं टिंगल केली की हसायचं, एवढं त्यांना बरोबर कळत होतं.

बैलाच्या पापण्या पांढऱ्याफटक, शेण पातळ, जबड्याखाली पाणी. काळजात, म्हणजे यकृतात, चपटे जंत! मला उकळ्या फुटल्या. स्वतः उपचार केलेल्या जनावरांची वही परीक्षेला द्यावी लागे आणि माझ्या वहीत नेमका हाच रोग नव्हता. माझा आनंद बघून त्या खुळ्यांना वाटलं, बैल आता वाचलाच.

औषध होतं कार्बन टेट्राक्लोराईड. मुंबईहून बाटलीच आणली होती. पुस्तकात त्याच्याखाली ठळक अक्षरात छापलं होतं की औषधाच्या आधी आणि नंतर जनावराच्या पोटात तेल जाता कामा नये. तेलामुळे ते विष होऊन अंगात भिनतं. ही ओळही मला पाठ होती. वेळूच्या नळ्यातून औषध पाजून झालं तेव्हा ती ओठांवर आलीसुद्धा. पण या येड्यांना सांगायचं काय? 'काहून, काहून' करत त्यांनी तासभर माझं डोकं खाल्लं असतं. मला पुस्तकातलं गोचिडांचं प्रकरण वाचून संपवायचं होतं.

"जा घेऊन," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी बैल मेला.

मी सुरी आणि एक रिकामी बाटली घेऊन गेलो. फाडून बघितलं तर काळजातले जंत एकूण एक मेलेले. काळीज मात्र पिवळं पडलेलं, बोट लावलं तरी फुटत होतं.

"तुमचं औषध लई कडक, आतून जळंल म्हणून म्या त्याला तेल पाजलं," मंजुळाबाई रडत सांगत होती. "घाण्याचं ताजं करडीचं. शेरभर सकाळी, शेरभर सांजच्याला. बाजारात न्यायचं व्हतं, पर म्हटलं, आधी माझं लेकरू."

तेल्याच्या घरात लेकराचं पोट दुखलं तर तेल, बाळंतिणीला तेल, दमून आलेल्या बैलाला तेल. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मलाही होतं. मी मान वर न करता जंत बाटलीत भरले आणि घरी येऊन वहीत लिहिलं, 'मालकाने सूचना पाळली नाही.' त्या पोराची, म्हणजे माझी, आज जेवढी किळस येते तेवढी मला गावाची कधीच आली नव्हती.

सुट्टी संपली. मी बैलगाडीत बसून हिंगोली स्टेशनला निघालो. तेल्याच्या घरावरून जाताना घाण्याची करकर ऐकू आली. जू तातेरावच्या खांद्यावर होतं. उघड्या अंगानं, वाकून, तो गोल गोल फिरत होता.

मंजुळाबाई धावत बाहेर आली. गाडीवानाने बैल थांबवले. तिच्याही खांद्यावर जुवाचा वळ होता.

"डाक्टरसाब, मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "तुमी समदं बराबर सांगितलं असंल. आमी अडाणी, आमालाच कळलं न्हाई. व्हय ना?"

ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. खरं सांगायला एक वाक्य पुरे होतं.

"व्हय," मी म्हणालो, आणि गाडीवानाला 'गाडी हाक' म्हटलं.