चहा आणायला गेलेली बाई

मित्रांनो, निळ्या मुलाम्याची, बुडाशी काळी पडलेली आणि तोटीपाशी टवके उडालेली एक म्हातारी किटली आज तुमच्याशी बोलते आहे. भांडी सहसा आपल्या जुन्या चकाकीच्या गोष्टी सांगतात. मला मात्र माझे बरेचसे आयुष्य आठवले की शरमल्यासारखे होते.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. पत्रा ठोकून मला आकार दिला, वर निळा लेप चढवून भट्टीत भाजले आणि मग बोटीने मी दूर दक्षिणेच्या, थंड पावसाळी चिलोए बेटावर आले. तिथल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेने मला विकत घेतले. संस्थेची एकच लाकडी इमारत होती. दिवसा तिथे बायका बसून गळांना आमिष लावत. संस्थेच्या कार्यकारी समितीची बैठकही तिथेच भरे. मधोमध लाकडाची चूल होती आणि चुलीवर मी. समुद्रावरून भिजून आलेली माणसे माझ्याभोवती हात शेकत. "हा चहा पोटात गेला की हाडं परत आपली वाटायला लागतात," असे म्हणत. ते ऐकून मी फुलून जाई.

पुरुष होड्या घेऊन जात. बायका गळ तयार करत, ओहोटी लागली की खडकांवरचे शेवाळ काढत आणि खडीच्या किनाऱ्यावर वाळवून विकत. संस्थेचे निम्मे काम त्यांच्या हातचे होते, पण समितीत त्यांचे कुणीच नव्हते. पुष्कळ वर्षे भांडल्यावर त्यांना एक जागा मिळाली आणि एलियाना नाउतो निवडून आली. त्या दिवशी बायकांनी बटाटे किसून मिलकाओ तळले. एलियानाच्या शेजारी बसून आमिष लावणारी रोसाल्बा चिग्वाय तिला म्हणाली, "आता तिथं आपलं तोंड आहे बाई. नुसतं खायला वापरू नकोस." सगळ्या हसल्या. एलियाना सर्वांत मोठ्याने हसली.

समितीचे अध्यक्ष बेलार्मिनो ओयार्सो हे बाप्तिस्म्याच्या वेळी तिच्या मुलाची जबाबदारी घेतलेले धर्मपिता होते. म्हणून ती त्यांना कोम्पाद्रे म्हणे आणि ते तिला कोमाद्रे. पहिल्याच बैठकीत त्यांनी तिला आपल्याजवळची खुर्ची दिली. थोड्या वेळाने म्हणाले, "कोमाद्रे, चहा संपला बघ. तुझ्या हातचा असला म्हणजे बोलायला हुरूप येतो." पाण्याचा नळ इमारतीमागे चढावर होता आणि त्याची धार करंगळीएवढी. एलियाना मला घेऊन आनंदाने गेली. खरे सांगते, मलाही तेव्हा मोठा मान मिळाल्यासारखे वाटले.

मित्रांनो, पुढे हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागले. सणाच्या जेवणाचे किंवा होडीच्या रंगाचे बोलणे चालू असले की मी कधीच रिकामी होत नसे. पण वजनदार विषय निघाला की चुलीशेजारी बसणारे चिटणीस ओस्वाल्दो कार्कामो माझ्यातला उरलेला चहा हळूच राखेच्या बादलीत ओतून देत आणि म्हणत, "चहा संपला वाटतं." आम्ही नळावरून परत येईपर्यंत ठरायचे ते ठरून गेलेले असे. हे मला ठाऊक होते आणि एलियानाला नव्हते. मला तोटी आहे, पण तिच्यातून शब्द येत नाही.

एकदा पिंजऱ्यात मासे वाढवणाऱ्या एका कंपनीने खडीचा किनारा भाड्याने मागितला. त्यांना तिथे जाळी ठेवायची होती. तो विषय निघाला आणि मी रिकामी झाले. बाहेर वारा एवढा होता की नळाची धार माझ्या तोंडात पडेना. एलियानाने खांद्यावरच्या शालीने आडोसा केला तेव्हा कुठे मी भरले. आम्ही दारात पोहोचलो तेव्हा वर गेलेले हात खाली येत होते.

"काय ठरलं?" तिने विचारले.

"किनाऱ्याचं आटपलं," ओस्वाल्दो म्हणाले. "दोन हंगाम देऊन टाकला. तू ओत चहा, गारठलोय."

तिने काही बोलायला तोंड उघडले. बेलार्मिनो कप पुढे करून हसत होते. धर्मपित्याशी सगळ्यांदेखत भांडायचे कसे? तिने त्यांचा कप भरला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. टेबलावर चहा सांडला आणि तिने तोही पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांना कळले. चुलीपाशी रोसाल्बाने एलियानाला विचारले, "तू होतीस ना तिथं?"

"होते."

"मग?"

"चहा आणायला गेले होते."

कुणीतरी फिस्सकन हसले. शिव्या दिल्या असत्या तर एलियानाला सोसल्या असत्या. ते हसू मात्र तिला सोसले नाही. ती मान खाली घालून आमिष लावत राहिली. त्यानंतर कितीतरी दिवस तिने माझ्यातला चहा घेतला नाही.

किनारा गेला तशा बायका रस्त्याच्या कडेला शेवाळ वाळवू लागल्या. ट्रकची धूळ बसे, पाऊस आला की गोळा करायला वेळ मिळत नसे. शेवाळ काळे पडून कुजू लागले. रोसाल्बा ओले ओझे पाठीवर घेऊन टेकडीवरच्या आपल्या छपरावर नेऊ लागली. एके दिवशी चिखलात तिचा पाय घसरला आणि मनगट मोडले. आमिष लावणाऱ्या बाईचे मनगट म्हणजे तिची रोजची भाकरी. एलियाना तिला भेटायला गेली, पण दारातून परत आली. आत जायचा धीर झाला नाही, असे तिनेच नंतर चुलीपाशी सांगितले.

पुढच्या हंगामात कंपनीने भाड्याची मुदत वाढवून मागितली आणि उरलेला खडकांचा किनाराही मागितला. बैठकीत तो विषय निघताच ओस्वाल्दो म्हणाले, "चहा संपला वाटतं." पण एलियाना आज चुलीजवळच बसली होती. त्यांना मला ओतून टाकायची संधीच मिळाली नव्हती. तिने हात लांबवून मला उचलले, हलवून पाहिले आणि टेबलावर ठेवले.

"अर्धी आहे," ती म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिले, मग ओस्वाल्दोंकडे. चहा दर वेळी का संपत होता, हे तिला त्याच क्षणी उमगले असावे.

"रागावलीस का कोमाद्रे?" बेलार्मिनोंनी विचारले.

"राग नाही कोम्पाद्रे. लाज वाटते. तुम्ही आमचा किनारा दिलात आणि मी तुमचे कप भरले. रोसाल्बाचं मनगट वाकडं जुळलंय. तिच्या दारातून मी परत आले. तोंड काय दाखवू? आज मी उठणार नाही. चहा संपला तर संपू दे. आधी किनाऱ्याचं बोला, आणि माझ्यासमोर बोला."

तेव्हा बेलार्मिनोंनीच मला उचलले आणि ते बाहेर नळावर आले. मी भरले, भरून वाहू लागले, त्यांचे बूट भिजले, तरी त्यांनी नळ बंद केला नाही. मला वाटते, त्यांना आत जाऊन तिच्या समोर बसायचे कठीण जात होते.

शेवटी ते परतले. दारातच थबकून त्यांनी विचारले, "काय ठरलं?"

"काही नाही," एलियाना म्हणाली. "तुम्ही बाहेर होतात. तुमच्यासाठी थांबलो."

म्हाताऱ्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मला खाली ठेवताना त्यांनी झाकण दोनदा चुकीचे बसवले.

त्या दिवशी मुदत वाढवायची नाही आणि खडकही द्यायचे नाहीत असे ठरले. चालू हंगाम मात्र कंपनीचाच राहिला आणि तोवर बायकांनी रस्त्यावरच शेवाळ वाळवले. रोसाल्बा एलियानाशी पुन्हा बोलू लागली, पण पूर्वीसारखी नाही. आता समितीत तीन बायका आहेत आणि ज्याला चहा हवा तो स्वतः नळावर जातो. मी गळते, म्हणून मला खिडकीत ठेवले आहे.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. घरात, वर्गात, कुठेही चार जण मिळून काही ठरवत असाल आणि त्यातल्या एकाला कामासाठी बाहेर पाठवले असेल, तर बोलणे तिथेच थांबवा. त्या माणसाला येऊन आपल्या जागेवर बसू द्या.