दुसरी मूठ

हणमंतरावांनी पुढची मूठ धरली, वैजनाथरावांनी मागची, आणि ‘हं, उचल’ म्हणत दोघांनी ते लाकूड कापायचं यंत्र टेबलावरून उचललं. बाज उन्हातून सावलीत न्यावी तसे दोघं दोन बाजूंना आणि यंत्र मधे, असे ते दुकानाच्या मधोमध उभे राहिले. पुढं काय करायचं ते मात्र कुणालाच कळेना.

“ओढ की,” हणमंतराव म्हणाले.

“काय ओढू? तूच ओढ आधी.”

दुकानदार रेवणप्पाचे केस लातुरात शेतीची अवजारं विकता विकता पिकत आले होते, पण असं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. हसू आवरत तो काउंटरमागून पुढं आला.

“काका, दोघं न्हाई लागत याला. दोनी मुठी एकाच माणसाच्या. डावा हात पुढं, उजवा मागं. झालं.”

“मग दुसरा माणूस काय करतो?”

“दुसरा घरी बसतो!” रेवणप्पा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाला.

हणमंतरावही खो खो हसले. वैजनाथरावांनी मागची मूठ सोडली आणि हात धोतराला पुसले, जणू त्यांना काही लागलं होतं.

तसं दोघांनी हे यंत्र आधी पाहिलं नव्हतं असं नाही. रस्त्याकडेची झाडं तोडणारी ठेकेदाराची माणसं लांबून पाहिली होती. पण लांबून पाहणं वेगळं आणि हातात धरणं वेगळं. दोन मुठी दिसल्या आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं दोघांनी एकेक धरली, इतकंच.

औशापासून चार कोसांवरच्या त्यांच्या गावात थंडी पडायला लागली की दर सोमवारी सकाळी सातला हणमंतरावांच्या बांधावर लाकडं कापायचं काम निघे. हणमंतरावांच्या घरी अजून चूल होती. गॅसवरची भाकरी पोटाला लागत नाही, हे त्यांच्या पत्नी सिंधुताईंचं मत, आणि त्यांच्या मताविरुद्ध त्या घरात काही शिजत नसे. करवत होती दोन टोकांना दोन माणसं लागणारी. तिचा एकच नियम, ढकलायचं नाही. नवखा माणूस ढकलतो आणि पातं वाकवून ठेवतो. आपण ओढायचं, मग हात सैल सोडायचा आणि समोरच्याला ओढू द्यायचं. हे ज्याला जमलं त्याला संसार जमला, असं हणमंतराव म्हणत. सिंधुताईंना ते मान्य नव्हतं.

त्या करवतीवर दोघांचं जन्माचं बोलणं झालं होतं. हणमंतरावांच्या लेकीचं, सुकन्याचं लग्न तिथंच ठरलं, वैजनाथरावांनी बोअर कुठं घ्यायची तेही तिथंच. चार वर्षांमागं वैजनाथरावांची बायको गेली. दिवस झाल्यावर पहिल्याच सोमवारी हणमंतराव त्यांच्या दारात आले आणि त्यांना बांधावर घेऊन गेले. त्या दिवशी दोघं अकरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. लाकूड मात्र नेहमीच्या दुप्पट कापलं गेलं.

खरं म्हणजे वैजनाथरावांना लाकडाची गरजच उरली नव्हती. सून पुनम सगळं गॅसवर करी, आंघोळीचं पाणी गच्चीवरच्या सोलरनं तापे. ते जात ते सोमवारसाठी. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस त्या एका दिवसाच्या भरवशावर बरे निघत.

पण यंदा करवतीचे दात बोथट झाले आणि दाताला धार लावणारा चन्नबसप्पा लेकीकडं उदगीरला राहायला गेला. त्यात हणमंतरावांचा उजवा खांदा धरला. नांदेडहून सुकन्यानं फोनवर ठणकावून सांगितलं, “बाबा, पुरे आता. मशीन घ्या.” आणि हणमंतराव बैलाच्या बाजाराला निघावं त्या थाटात दोस्ताला घेऊन लातूरच्या गाडीत बसले. आपण आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायला निघालो आहोत, हे गाडीत वैजनाथरावांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते आत्ता आलं.

“विजेवरचं दाखवू का? आवाज कमी करतं,” रेवणप्पानं विचारलं.

“आमच्या शेतात लाइट रात्री दोनला येती,” हणमंतराव म्हणाले. “त्या वक्ताला लाकडं कापाय बसलो तर गाव म्हणंल भूत लागलं. पेट्रोलचं दावा.”

रेवणप्पानं पेट्रोलची दोन यंत्रं काढली. एक केशरी, थोरलं, लांबलचक पात्याचं. दुसरं त्याच्यापुढं अगदीच धाकटं.

“हा बावीस इंची बार,” थोरल्याच्या पात्यावर हात फिरवत तो म्हणाला. “ह्याच्यावरनं साखळी फिरती. आणि त्यो लहान, सोळाचा.”

हणमंतरावांचे डोळे बावीसवरून हलेनात. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कमी ऐकू येत असल्यानं ते फोन नेहमी स्पीकरवर टाकत, त्यामुळं त्यांच्या घरातलं काहीच कधी खासगी राहत नसे.

“कुठं हायसा?” सिंधुताईंचा आवाज दुकानभर झाला.

“लातुरात. बार बघून राहिलो.”

पलीकडं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“सकाळी अकराला?”

“मग? मला मोठा पसंत पडलाय. वैजनाथचं काय कळंना.”

“भाऊजींना फोन द्या,” सिंधुताई म्हणाल्या. आवाज असा की रेवणप्पानंही मान खाली घातली.

बार म्हणजे यंत्राचं पातं, हे वैजनाथरावांनी समजावून सांगितलं. सिंधुताईंना हसू आवरेना. हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुमीच बघून घ्या बरं का. ह्यांना जे जड तेच भारी वाटतंय. खांदा आजून गेला तर शेकत मलाच बसावं लागंल.”

“बघतो, वहिनी. फिकीर करू नका.”

शब्द दिला म्हणजे दिला. वैजनाथरावांनी चष्मा लावला. त्यांनी दोन्ही यंत्रं उचलून पाहिली, मग विचारलं, “हे वजन रिकाम्याचं का पेट्रोल-तेल भरून?” रेवणप्पा सावरून उभा राहिला. असा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक आठवड्यात एखादं येई. साखळी सैल पडली तर घरी आवळता येते का, हिसका बसला तर ती आपोआप थांबते का, धार लावायला लातूरला यावं लागेल की औशातच कुणी आहे, सगळं त्यांनी विचारलं. आपली लेक द्यायची असल्यासारखी ती चौकशी होती. हणमंतराव दरम्यान थोरल्या यंत्राला लांबूनच डोळे भरून बघत उभे होते.

“बांधावरच्या बाभळी मांडीएवढ्या,” वैजनाथराव शेवटी म्हणाले. “त्याला सोळाचा बार बास. बावीसचं ओझं कशाला? आणि सुरू कराय किती ओढावं लागतं?”

“ह्या लहान्यात नवी स्प्रिंग हाय, काका. दोरी नुसती धरली की चालू. माझी आय बी करती.”

“मग हेच घे, हणमंत. एकट्याला आरामात जमंल.”

‘एकट्याला’ हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. हणमंतरावांनी बावीसवरची नजर काढून त्यांच्याकडं पाहिलं.

“तुमी दोघं मागं अंगणात चालवून बघा,” वैजनाथराव घाईनं म्हणाले. “मी च्या पिऊन येतो.”

“थांब की, मी बी येतो.”

“तू मशीन बघ.”

चहाचा गाडा दुकानाच्या बाजूलाच होता आणि दुकानाच्या मागच्या अंगणाला नुसती जाळी होती. वैजनाथरावांना बघायचं नव्हतं, पण गाड्यापाशी उभं राहिलं की दुसरं काही दिसतच नव्हतं. अंगणात कापून बघायला एक कडुलिंबाचं खोड ठेवलेलं होतं. हणमंतरावांनी धाकट्या यंत्रावर पाय दाबला, दोरी धरली आणि एकदाच ओढली. यंत्र लगेच सुरू झालं. त्यांनी ते खोडाला लावलं तशी भुशाचा फवारा उडाला आणि भाकरीएवढी चकती टपकन खाली पडली. पासष्टीचा तो माणूस जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखा हसत होता.

वैजनाथरावांना त्याचा आनंद बघून बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. आणि वाईटही वाटलं. चार तासांचं काम आता अर्ध्या तासात होणार. साडेसातला सगळं आटोपलेलं असणार. बघायला जाता येईल म्हणा, कोण नको म्हणतंय. पण बघ्याला कुणी सातला बोलवायला येत नाही.

जाळीपलीकडं यंत्र थांबलं. हणमंतरावांचं हसू तोंडावर तसंच होतं. त्यांनी सवयीनं समोर, खोडाच्या पलीकडच्या बाजूला पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिथं कुणीच नव्हतं. त्यांनी यंत्र खाली ठेवलं. नंतर रेवणप्पाजवळ जाऊन काहीतरी कुजबुजले. रेवणप्पानं डोकं खाजवलं.

वैजनाथरावांनी चहा संपवला, तोंड पुसलं आणि ते अंगणात आले. हणमंतराव खांदा धरून खोडावर बसले होते.

“होईना गड्या,” ते कण्हत म्हणाले. “चारदा ओढली. पाचदा ओढली. लई जड हाय दोरी. इचार ह्यांना.”

रेवणप्पानं वर आकाशाकडं पाहिलं.

“जड हाय?” वैजनाथरावांनी विचारलं.

“लई. खांद्यातनं कळ गेली. मशीन चांगलं हाय, कापंल चांगलं, पण दर वक्ताला सुरू कोण करून देणार? तू जरा बघ बरं. तुला जमतंय का?”

खोडाशेजारी ताजी चकती पडलेली होती आणि हणमंतरावांच्या मिशीत भुसा होता. वैजनाथरावांनी चकतीकडं पाहिलं, भुशाकडं पाहिलं. मग धोतर खोचून ते खाली वाकले.

त्यांनी यंत्रावर पाय दिला आणि दोरी हळूच ओढली. यंत्र इतकं गुणी की तेवढ्यातच सुरू व्हायला निघालं. वैजनाथरावांनी घाबरून दोरी सोडली.

“हाव रं,” ते कपाळ पुसत म्हणाले. “जड हाय.”

“म्हणलं न्हवं?”

दुसऱ्या खेपेला त्यांनी दोरी त्याहूनही हळू ओढली आणि तोंडानं मात्र मोट ओढल्याचा आवाज काढला. तिसऱ्या खेपेला नीट ओढली. यंत्र गर्जलं. हणमंतरावांनी खोडावरून उठून त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की दुखऱ्या खांद्याच्या माणसाला ती शोभली नाही.

“मंग सोमवारी सातला ये बाबा तू,” ते यंत्रापेक्षा मोठा आवाज काढून ओरडले. “तुझ्याबिगर काय हे सुरू व्हायचं न्हाई!”

“बघतो,” वैजनाथराव चेहरा कडक ठेवून म्हणाले. “सवड झाली तर येतो.”

रेवणप्पानं यंत्र बंद केलं. गिऱ्हाइकानं गप्प राहा म्हटलं तर राहावं, हे त्याला कळत होतं. पण त्याच्याच अंगणात त्याच्या सगळ्यात हलक्या मालाला दोनदोन माणसं जड म्हणत होती, हे त्या बिचाऱ्याला सोसेना.

“काका, येवढंच असंल तर आत बॅटरीवरचं एक हाय,” तो म्हणाला. “त्याला दोरीच न्हाई. नुसतं बटण दाबायचं.”

“नको!” दोघंही एकदम म्हणाले.