तुळसाचा उजवा हात

मित्रांनो, बांबूच्या तीन काड्या आणि सागाचा एक ठोकळा, एवढीच माझी काया. लाल आणि हिरवी काडी आडवी, एकमेकींशी काटकोनात. निळी सरळ उभी. आता मी शाळेच्या कपाटावर कोळ्याच्या जाळ्यांत पडून असतो. त्याचं मला काही वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

आंधळगावाकडच्या एका शाळेत यादोराव सरांनी १९७८ साली मला घडवलं. फळ्यावर लांबी-रुंदी मावते, उंची मावत नाही. त्रिमितीय सदिश, म्हणजे लांबी आणि दिशा असलेला बाण, कुठे रोखलेला आहे, हे बारावीच्या मुलांना हाताने चाचपता यावं, म्हणून मी. तपासणीला आलेल्या साहेबांनी मला उचलून वाखाणलं, तेव्हा मी चांगलाच फुगलो होतो.

तिसऱ्या वर्षी शाळेला चुना मारला. शिपाई खुशालने माझ्या काड्या उपटून धुतल्या आणि परत खोचल्या. लाल काडी हिरवीच्या जागी गेली, हिरवी लालच्या. कोणाच्या लक्षात आलं नाही.

सर सदिश गुणाकार शिकवू लागले. उजव्या हाताची बोटं लाल काडीकडून हिरवीकडे वळवायची. अंगठा निळ्या काडीच्या दिशेने वर यायला हवा. येत नव्हता. पण मी चुकेन असं कोणाला वाटलं नाही. चाळीस मुलांनी मनगटं पिळून अंगठे वर आणले आणि माना डोलावल्या.

त्याच वर्गातली तुळसा तेव्हा पंधरा दिवस धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवणी करत होती. डावखुरी पोर. परतली त्याच तासाला तिने बोटं वळवून पाहिली.

"सर, अंगठा तं खाली जाऊन राहिला."

सर पाठमोरे लिहीत होते. "डावा असंल तो. उजवा घे."

"उजवाच हाय, सर."

मागून घनश्याम म्हणाला, "उजवा तिनं बांधीतच रोवून टाकला, सर."

वर्ग हसला. बुडालेला अभ्यास आधी भरून काढ, असं सांगून सरांनी तिला बसवलं. तिने हात दप्तराखाली लपवला. तो उजवाच होता, मित्रांनो. मी समोरून पाहत होतो.

दोन दिवस ती आली नाही. शिकणं जमत नसेल तर राहू दे, असं तिच्या घरी चाललं आहे, हे मुलींच्या बोलण्यातून कळलं.

तिसऱ्या दिवशी माझी धूळ पुसताना सरांनी सहज बोटं वळवली. अंगठा खाली गेला. पुन्हा वळवली. पुन्हा खालीच गेला.

त्याच दुपारी मला सायकलला बांधून ते बांधीवर गेले. तुळसाच्या आईसमोर, रंभाबाईसमोर म्हणाले, "तुळसा, तुझा हात बरोबर होता. मी वळूनसुद्धा पाह्यलं नाही." तुळसाने चिखलाच्या हातांनी माझ्या लाल-हिरव्या काड्यांच्या जागा पुन्हा बदलल्या. दुसऱ्या दिवशी सरांनी तेच वर्गासमोर सांगितलं.

ती शाळेत परतली, बारावी पासही झाली. पण वर्षभर उत्तर देण्याआधी ती उजवा हात वर करून दाखवायची. कोणी मागितला नसताना. सर तेव्हा खाली बघायचे.

माझ्या लाल काडीच्या बुडाशी तो चिखल अजून आहे. मला कधी खाली काढलंत, तर काड्या नीट तपासा, पण तेवढा चिखल राहू द्या. आणि सगळा वर्ग माना डोलावत असताना एखादं पोर नाही म्हणालं, तर आधी वळून त्याच्या हाताकडे बघा.