गाठींची ओळ

सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास आणि चैत्राचं पांढरं ऊन एकत्र आलं, की माझ्याआधी माझ्या बोटांना वहिनी आठवते. हातमागाच्या खड्ड्याकाठी ती बसलेली असायची. तुटक्या सुताची दोन टोकं चिमटीत धरून, जिभेचं टोक ओठांवर काढून ती गाठ मारायची आणि गाठ नीट बसली की मान जराशी कलती करून हलकेच श्वास सोडायची. तो श्वास ऐकायला मिळावा म्हणून सोलापूरच्या त्या भाजणाऱ्या दुपारी मी हातातली कामं टाकून तिच्यापाशी जाऊन बसत असे.

वहिनी मैंदर्गीची. माहेरी कानडी बोललेली, म्हणून आमच्याकडे मराठी शब्द चाचपून, पारखून तोंडाबाहेर काढायची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई लहानपणीच गेलेली. तेव्हा ते आमच्याच घरी, मागाला लागून असलेल्या खोलीत झालं. मी अकरा वर्षांची होते आणि जे बघू नये ते बघण्यात पटाईत होते.

गिरणीच्या सकाळच्या भोंग्याला कळा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवसाची दुपार झाली तरी मूल अडलेलंच. वहिनीचा आवाज बसला, ओठ पांढरे पडले. मग सुईणबाई म्हणाली, "घरात कुटं गाठ राहिली आसंल. समद्या सोडा." आमच्याकडे रीतच होती ती, बाई अडली की घरातलं बांधलेलं सगळं मोकळं करायचं. आईने पेट्यांची कुलुपं काढली, वेण्या सोडवल्या, शेळीचं दावं सोडलं, चिंध्यांची गाठोडी उलगडली. शेजारणीही मदतीला धावल्या. घरभर पळापळ चालली होती, आणि दाराच्या फटीतून मला दिसत होतं की खोलीत वहिनीचा हात जमिनीवर इकडेतिकडे काहीतरी शोधतोय. सुईणबाईचे दोन्ही हात मुलात गुंतलेले. दुसरं कुणी आत नव्हतं. मी आत जायला हवं होतं. मी गेले नाही.

शेवटी आईची नजर मागावर गेली. दादाने कित्येक दिवस खपून चढवलेला उभ्या सुतांचा ताणा, अर्धं विणलेलं लुगडं. "ह्यो बी बांधलेलाच की!" असं म्हणत तिने विळा घेतला. ताणलेली शेकडो सुतं एका दमात सैल पडली, आणि घटकाभरात आत पोर रडली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला; पण आईला कोण समजावणार?

जीव वाचला म्हणून सगळे हसले. वहिनी मात्र हसली नाही. ती पोरीला पाजायची, पण तोंड भिंतीकडे करून. पाजून झालं की "घेऊन जावा" एवढंच म्हणायची. बारशाच्या दिवशी पाळण्याच्या दोरीला तिने हात लावला नाही. बायका कुजबुजल्या, नजर लागली म्हणाल्या, अंगारा झाला. आई लोकांत कडक असली तरी चुलीपुढे एकटीच डोळे पुसायची. पोर आईवाचून वाढणार, हीच धास्ती घरात भरून राहिली होती.

सव्वा महिना झाला तेव्हा दादा तो तोडलेला ताणा काढून टाकायला निघाला. वहिनी दारात उभी राहिली. "र्‍हाऊ द्या. माज्यापायी तुटलाय. मी सांधते."

आणि ती सांधायला बसली. रोज दुपारी, एकेक सूत. वैशाखाचा उजेड झरोक्यातून उतरून तिच्या मनगटांवर यायचा, अंगणातल्या लिंबाचा मोहोर वाऱ्याने आत यायचा, आणि ती एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरकत राहायची. मी पोरीला मांडीवर घेऊन शेजारी. एकदा पोरीने चुळबुळ करत मूठ उघडली, तिला वहिनीचं बोट लागलं, आणि तिने ते घट्ट धरलं. तान्ह्या मुलांची सवयच ती. वहिनीच्या चिमटीतलं सूत सुटलं. कितीतरी वेळ ती त्या एवढ्याशा मुठीकडे बघत राहिली.

"त्या दिशी समदी गाठी सोडत हुती, वन्सं," ती म्हणाली. "माजा हात कुनीच धरला न्हाय. हिनं धरला की." मग ती रडली, मोठ्याने, पोटभर, आणि रडतारडताच म्हणाली, "द्या तिला हिकडं."

मी पोर दिली. चुलीपाशी आईच्या हातातली भाकरी करपली आणि त्या दिवशी करपलेली भाकरी सगळ्यांना गोड लागली.

पुढे गल्लीत कुणी अडली की वहिनी न बोलावता जायची. मितभाषी, भिडस्त बाई, पण उंबऱ्यातून आत गेली की आवाज बदलायचा. "गाठी नंतर सोडा. आदी हितं या, हिचा हात धरा," असं ती सासवांनासुद्धा सुनवायची. आईनेही एकदा ऐकून घेतलं, हे विशेष! वहिनीचं भय गेलं होतं असं मला वाटत नाही. ते घेऊनच ती जायची, म्हणून दुसरीचं भय तिला आधी कळायचं.

माझ्या बाळंतपणाच्या वेळी मी माहेरी आले. दीड दिवस मी वहिनीच्या तळव्यात नखं रुतवली. मूल सुखरूप झालं तेव्हा तिने मान कलती करून तोच हलका श्वास सोडला. मी म्हटलं, "वहिनी, तवा मी दारात हुते. आत आले न्हाय." ती म्हणाली, "ठावं हाय मला. अकरा वर्षांच्या हुता की तुमी." आणि तिने हात काढून घेतला नाही. इतक्या वर्षांचं ओझं त्या एका वाक्याने उतरलं.

आता वहिनी नाही. त्या सांधलेल्या ताण्यावर पुरं विणलेलं ते लुगडं माझ्याकडे आहे. ते कधी विकायला गेलं नाही, तीच नेसली. नेसून नेसून ते विरलं, रंग उडाला. मात्र मधोमध, काठापासून काठापर्यंत, गाठींची ओळ अजून बोटांना लागते. काळ माणसं अलगद सोडवून नेतो. धरलेला हात तेवढा त्याला सोडवता येत नाही.