केकसाठी आणलेलं चॉकलेट

भोपाळपासून वेगळं नवं राज्य होऊन वर्ष उलटलं, तरी तिथून आलेल्या फाइलींचे गठ्ठे सुटत नव्हते. शनिवारीही ऑफिस करून माया संध्याकाळी गुढियारी वस्तीतल्या घरी पोचली, तेव्हा तिच्या पायांत गोळे आले होते. अंगणात भुऱ्या धापा टाकत गोल गोल फिरत होता. आठ किलोचं म्हातारं कुत्रं, एरवी उठायचाही कंटाळा करायचं. कोपऱ्यात काळपट ओकारी पडली होती.

"बाबा, याले काय झालं?"

सासरे धर्मपाल रेल्वेतून निवृत्त झालेले. सून ऑफिसात, नात दीक्षा कॉलेजात. दिवसभर त्यांना भुऱ्याचीच सोबत. "पोळीले तोंड लावत नव्हता," ते म्हणाले. "मंग दुपारी ते चाकलेट देल्लं. लय आवडीनं खाल्लं त्यानं."

दीक्षाच्या केकसाठी आणलेली कडू चॉकलेटची लादी ओट्यावर होती. जेमतेम चौथा हिस्सा उरला होता.

"मम्मी, जल्दी चलो न," म्हणत दीक्षानं कुत्र्याला उचललं. रिक्षात त्याचे पाय थरथरत होते.

डॉक्टरांनी सलाइन लावलं. कोकोत एक द्रव्य असतं, ते म्हणाले. माणसाच्या अंगातून ते लवकर निघून जातं, कुत्र्याच्या अंगात मात्र साचत राहतं. मग काळीज धावत सुटतं, झटके येतात. चॉकलेट जितकं कडू तितकं घातक. दुपारीच आणला असता, तर ओकवता आलं असतं.

रविवारी सकाळी दवाखान्यातच झटके येऊन भुऱ्या गेला.

चादरीत गुंडाळून त्याला घरी आणलं. धर्मपाल ओसरीत उभेच होते. "काहून गेला वं?"

वय झालं होतं, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. मायाला बोलायचंच त्राण नव्हतं. तरी ती पायरीवर बसली.

"चाकलेटनं गेला, बाबा. कुत्र्याले ते विष असते."

त्यांनी चादरीचं टोक सारून पाहिलं. "म्हंजे मीच मारला."

"तुमाले माहीत नव्हतं. मलेबी नव्हतं. ओट्यावर उघडं मीच ठेवलं होतं."

ते तिच्या शेजारी बसले. चादरीवर हात ठेवून रडले. मायानं त्यांना रडू दिलं.

मग घरामागे दोघांनी आळीपाळीनं खड्डा खणला. माती कडक होती. तिच्या हातातली कुदळ घेत ते म्हणाले, "बस तू आता. आठवडाभर राबून राहिली."

ती खरंच बसली. त्या रविवारीही ऑफिसात बोलावलं होतं. ती गेली नाही.