मंडईच्या दिवशीचा सर्वे

घरकुलाचा सर्वेवाला आला की काय बोलायचं, हे मी वच्छलेकडून महिनाभर घोकून घेतलं होतं. वच्छला माझी धाकटी जाऊ. अंगण एक, चुली दोन. मला घरकुल आधीच मिळालं आहे, म्हणून या विषयातली शहाणी मीच, निदान आमच्या अंगणात तरी.

"गरिबी लपवायची नाई वं," मी तिला सांगायची. "त्या मोबाइलात एकदा गेलं की ब्रह्मदेव आला तरी निघत नाई. शेती दीड एकर, तेबी कोरडवाहू. चारचाकी नाई. पक्की खोली नाई. बस."

ती मान डोलवायची. आणि यात खोटं काय होतं? मातीच्या भिंती, वर कवेलू. यंदाच्या पावसात मागची भिंत अर्धी खाली बसली. तिथे ताडपत्री बांधून नवराबायको आणि पोरगी मयुरी तशाच ओलीत झोपले. माझा दीर रामाजी अबोल माणूस. बोलायचं काम त्यानं लग्न झाल्यापासून बायकोवर सोपवलं आहे.

पण मधेच मंडई आली. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणेच पाहुणे. पोरी पाहायचं कामही त्यातच उरकतं. पाहुण्यानं म्हणायचं नाटकाला आलो, आणि पोरगी पाहून जायचं. जमलं तर सोयरीक, नाही जमलं तर नाटक तर पाहिलंच. कोणाची मान खाली जात नाही. फक्त त्या दिवशी घर भरलेलं दिसलं पाहिजे. माझ्या खुर्च्या, माझा पंखा, माझी स्टीलची ताटं, सगळं सकाळीच वच्छलेकडे गेलं. बसलेल्या भिंतीवर तिनं नवी चादर टांगली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. वच्छलेनं तेही आणलं.

मयुरीला पाहायला राजुऱ्याकडचे मुखरूभाऊ, त्यांची बायको आणि मुलगा प्रणित आले. प्रणित कोळशाच्या खाणीत कंत्राटावर आहे. मध्यस्थानं त्यांना आधीच पाच एकराची थाप मारून ठेवली होती. ते चारचाकीनं आले आणि गाडी लावली ती थेट वच्छलेच्या दारापुढे. पोहे झाले. मयुरी चहा देऊन आत गेली तशी प्रणितची नजर तिच्यामागून गेली. मला बरं वाटलं. पोरगी गुणाची आहे माझी.

नेमका तेव्हाच मिथुन फाटकातून आत आला. मिथुन म्हणजे सर्वेवाला. बाहेरगावचा, या कामावर नवाच लागलेला.

"आज काऊन जी?" मी आडवी झाले. "आज पाहुणे आहेत."

"मंडईच्या दिवशीच तर मानसं घरी सापडते, काकू. बाकी दिवस सारे धान कापाले जाते. आन उद्या तारीख संपते."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. म्हणून तर त्याच्यावर ओरडताही येईना. तो पाहुण्यांच्या शेजारीच खुर्ची ओढून बसला आणि मोबाइल काढला.

"घर कोनाच्या नावानं लिहू?"

"माह्या," वच्छला म्हणाली.

"शेती किती?"

मुखरूभाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. त्यांच्या बायकोनं पदर सारखा केला आणि मान इकडे वळवली. मी रामाजीकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"पाच एकर," वच्छला म्हणाली.

"ओलिताची का कोरडवाहू?"

"ओलिताची."

"वच्छला!" मी म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. मिथुनचं बोट चालूच होतं.

"पक्की खोली?"

"मांगं आहे ना."

मांगं काय आहे ते मलाच माहीत! ताडपत्री!

मग मिथुननं तिला दारासमोर उभं केलं. चेहऱ्याची ओळख पटवायची म्हणून म्हणाला, "डोळे मिचकावा, काकू." डोक्यावर पदर घेऊन, होणाऱ्या व्याह्यांच्या देखत ती बिचारी डोळे मिचकावत राहिली. मी धावत गाडीवाल्याकडे गेले.

"बाबा, गाडी बाजूले घे. फोटोत येऊन राह्यली."

"मालकाची गाडी आहे जी, थांबा, चाबी आणतो."

"मुखरूभाऊची नाई का?"

"नाई जी. भाड्यानं आणली त्यायनं."

तोवर फोटो निघाला होता. गाडीसकट.

मी मिथुनला कोपऱ्यात गाठलं आणि खरं काय ते सांगितलं. पोरगा भला. म्हणाला, "त्यायनंच सांगतलं, तेच लिहिलं मी. अजून पाठवलं नाई. मी पानठेल्यावर थांबतो. त्यायनं येऊन सांगतलं तर बदलवतो. पाठवल्यावर माह्या हातात नाई."

आत वच्छला चुलीपाशी रस्सा ढवळत होती. मी तिच्या कानाशी लागले. "जा, दोन मिनिटांत सांगून ये. आन आईक, गाडी त्यायचीबी नाई. भाड्याची आहे. तेबी सोंगच घेऊन आले."

"आनू दे," ती म्हणाली. "झाकली मूठ त्यायचीबी, आपलीबी."

"घर जाते वं हातचं!"

"बाई, पानठेला इथून दिसते. त्या सर्वेवाल्याच्या हातापाया पडताना त्यायनं पाह्यलं तर?" ती रस्सा ढवळतच राहिली. "घर पुढच्या यादीत मांगता येते. मयुरीले पुढच्या यादीत कोन पाहाले येते?"

मला तिचा राग आला, खूप राग आला. तरी मी पानठेल्यावर गेले आणि मिथुनला म्हणाले, "जा बाबा तू."

पाहुणे नाटक पाहून सकाळी गेले. नंतर धान कापणी झाली, बांधणी झाली. वच्छलेचं लक्ष सगळं फोनकडे. शेवटी एका दुपारी फोन आला. आम्ही दोघी अंगणात सूप घेऊन बसलो होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं. मुखरूभाऊंची बायको बोलत होती.

"पोरगी आमाले पसंत आहे, बाई. पोराच्या तर मनातच बसली."

वच्छलेनं माझा हात धरला. किती घट्ट!

"पन एक बोलू का? राग नका मानू. मी हात धुवाले मांगं गेलती, तवा चादर उडाली. तुमची पाच एकर काई आमी पाह्यली नाई, भिंत मातर पाह्यली. यात लाजाचं काय? आमचंबी तसंच होतं. सर्वेवाला आला तवा आमी खरं ते सांगतलं, आन घरकुल भेटलं. तुमीबी घ्या. लग्नाचे मानसं काय ताडपत्रीखाली बसवान? घर मंजूर झालं का सांगा, लगेच तारीख धरू. आमी थांबतो."

वच्छलेनं माझा हात सोडला.

"आईकून राह्यल्या ना, बाई? नाव देलं ना तुमी? आमच्या समोरच तर फोटो काढला."

"हो," वच्छला म्हणाली. "देलं."

फोन बंद झाला. मयुरी दारात येऊन उभी होती, कधी आली कोण जाणे. "काय म्हणते, आई?"

वच्छलेनं सूप मांडीवर ओढलं. "तू पसंत आहेस म्हणते."

मयुरी लाजून आत पळाली. बाकीचं वच्छलेनं तिला सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं.