‘झालं’ म्हणेपर्यंत

त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि त्यात कौतुकापेक्षा वैताग जास्त असे. रेकॉर्डिंग हा त्याचा धंदा, आणि भिंतीपलीकडच्या नळाचा थेंबसुद्धा त्याला सोसवत नसे. रेकॉर्डिंगच्या दिवशी घरातला फ्रिज बंद व्हायचा आणि नंतर तो चालू करायचं कुणाच्या लक्षात राहायचं नाही. त्यापायी किती दूध नासलं, याची तक्रार करणं लेकीने कधीच सोडून दिलं होतं. भिंतीवरचं घड्याळ तर लग्न झाल्या झाल्याच घराबाहेर गेलं. टिकटिक करतं, एवढाच त्या बिचाऱ्याचा गुन्हा.

बायको हार्प्सिकॉर्ड वाजवायची. दिसायला पियानोचा सडपातळ भाऊ, पण स्वभाव अगदी वेगळा. पट्टी दाबली की आत एक बारीक टोक तार छेडतं, आणि तुम्ही कितीही जोर लावा, आवाज तेवढाच. तोही इवलासा. तो पकडायचा तर माइक फार हळवा ठेवावा लागतो, आणि मग घरातलं सगळंच त्यात उतरतं. तिने जन्मभर एकाच काळाचं संगीत वाजवलं, तीनशे वर्षांपूर्वीच्या दरबारी नाचांच्या चालींवर बेतलेलं. कधी एकटीने, कधी व्हायोलिन आणि चेलोच्या संगतीने. तिच्या सगळ्या तबकड्या नवऱ्याने केल्या. दुसऱ्या कुणाला त्याने हात लावू दिला नसता आणि तिलाही दुसरं कुणी चाललं नसतं.

दोघांचा एक नियम होता. शेवटचा सूर वाजला की जागचं हलायचं नाही. हात पट्ट्यांवर तसेच, पाय जमिनीवर तसेच, श्वास जमेल तेवढा रोखलेला. तारांचा नाद पार विरेपर्यंत तो पलीकडच्या खोलीत हेडफोन लावून बसे, आणि मग त्याचा आवाज येई, "झालं." तोवर आभाळ कोसळलं तरी गप्प. एकदा व्हायोलिनवाल्याला त्या शांततेत शिंक आली, तर कानसेन त्याच्याशी आठवडाभर बोलला नव्हता.

पुढे त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. ते दिवसभर घुमायचं आणि मध्येमध्ये धपकन उसासा सोडायचं. स्वयंपाकघरात ठेवून लांब नळी ओढून पाहिली, पण जमीन लाकडी, तिच्यातून हादरा माइकपर्यंत यायचाच. वीज गेली तर असावा म्हणून एक सिलिंडर होता, पण त्याची फुसफुस नाकाशीच चालायची आणि हेडफोनमध्ये कानसेनला दुसरं काही धड ऐकू येईना. नवी तबकडी जवळजवळ पुरी होत आली होती. व्हायोलिन आणि चेलोबरोबरच्या रचना तो धडधाकट असतानाच झाल्या होत्या. राहिला होता एकच तुकडा, तिने एकटीने वाजवायचा एक संथ नाच.

"तेवढ्यापुरतं यंत्र बंद करतो," तो म्हणाला.

लेक भडकली. "बाबा, डोकं ठिकाणावर आहे का? दुसऱ्या कुणाला बोलवा की!"

"दुसऱ्याला काय ऐकू येणार, कपाळ?"

"आई, तू तरी सांग ना काहीतरी!"

आईने सांगितलं, पण लेकीलाच. त्या नाचाचे दोन भाग होते. शिरस्ता असा की प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा, आणि दुसऱ्या वेळी वाजवणाऱ्याने आपल्या मनाची नक्षी त्यात घालायची. तिची गाडी तिथेच अडायची. शिस्तीची बाई, दुसऱ्या वेळीही कागदावरचं तेच वाजवायची. तो चिडवायचा, "पुन्हा तेच वाचून दाखवतेस होय? एकदा तरी स्वतःचं बोल की गं!" संसार म्हातारा झाला तरी ती काही बोलली नव्हती.

"दोन्ही भाग एकेकदाच वाजवीन," ती लेकीला म्हणाली. "निम्म्या वेळात उरकेल. यंत्राचा खटका त्यांच्या हाताशी ठेवू. जरा कासावीस झाले की दाबतील. यंत्र सुरू झालेलं मला इकडे ऐकू येईलच, मी लगेच थांबेन."

लेकीने खटका खुर्चीच्या हातावर चिकटपट्टीने बसवून दिला. "पण मी घरी असेन तेव्हाच करायचं. सुट्टीच्या दिवशी. शपथ आहे तुला."

सुट्टीचा दिवस उजाडायच्या आत एका दुपारी समोरचा पत्र्याचा कारखाना अचानक बंद राहिला. रस्ता गपगार. वाद्याचे सूर सकाळी लावलेले, ते जराही उतरले नव्हते. कानसेनच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग होता. "आज उरकून टाकू," तो म्हणाला. "पोरीला सांगू नकोस." आणि शाळा बुडवणाऱ्या पोरासारखा हसला. तिलाही हसू आलं, हे तिला पुढे सहन होईना.

पहिल्या खेपेला तिचं बोट घसरलं. दुसऱ्या खेपेला रस्त्यावरून गाडी गेली. दर खेपेनंतर यंत्र लावून, त्याच्या ओठांचा निळेपणा जाईपर्यंत ती त्याच्याजवळ बसली. "राहू द्या आज," ती म्हणाली.

"एकदाच. मग बंद."

ती वाद्यापाशी गेली. यंत्राची घुमघुम थांबली. पलीकडून तो म्हणाला, "हं, घे."

तिने वाजवायला घेतलं आणि सुरुवातीपासूनच तिला कळलं की आज काहीतरी वेगळं आहे. हात हलके पडत होते. पहिला भाग संपला; तो संपतो तेव्हा सूर घरी पोचलेला नसतो, वाटेतच उभा असतो. तिथून तिने पुढच्या भागाकडे जायचं होतं. हात मागे गेले. पहिल्या सुराकडे.

विसरली असं नाही. हात गेले आणि त्याच क्षणी तिला नवरा आठवला. ती मनाशी म्हणाली, त्रास झाला तर खटका दाबतील की. तिने कान यंत्राकडे लावले आणि वाजवत राहिली. मग बोटांखालून नक्षी निघू लागली. एक सूर दुसऱ्याला टेकून थरथरला, रिकाम्या जागेत एक छोटीशी उतरण आली, जी तिने कधी ठरवली नव्हती. इतकी वर्षं अडलेलं बोलणं एकदाचं तोंडातून बाहेर पडत होतं. यंत्र सुरू झालं नाही. म्हणजे ऐकताहेत, तिला वाटलं. म्हणजे त्यांना हवंय. दुसरा भागही तिने दोनदा वाजवला.

शेवटचा सूर लागला. ती हलली नाही.

नाद विरला. तिने वाट पाहिली. आज वेळ लावताहेत, तिला वाटलं, आवडलं असणार. पट्ट्यांवर हात, जमिनीवर पाय, श्वास रोखलेला. ती बसून राहिली आणि मनातल्या मनात खूशही होती. घरात कसलाही आवाज नव्हता. घड्याळ नाही, फ्रिज नाही. ती तशीच बसून राहिली. मग तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि त्यानंतरही ती थोडा वेळ बसूनच होती, कारण ‘झालं’ आलं नव्हतं.

"अहो?"

तो खुर्चीत होता. हेडफोन कानांवर. हात खटक्याच्या अगदी जवळ.

डॉक्टर म्हणाले, शुद्ध हळूहळू हरपली असेल, त्यांना कळलंही नसेल. कधी हरपली हे ते सांगू शकले नाहीत. तो पहिल्या भागातच गेला होता, की तिची नक्षी ऐकत त्याने मुद्दाम खटक्याला हात लावला नव्हता, हे आता कुणीच सांगणार नव्हतं. ऐकलं असेल, तर तिच्या वाजवण्यापायी तो गेला. ऐकलं नसेल, तर ती कुणासाठी वाजवत होती? दोन्हीकडून तिच्या काळजाला भोक पडे.

लेकीने ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि एकच विचारलं, "दोन्ही भाग पुन्हा वाजवलेस?" तिने मान डोलावली. त्यानंतर लेक तिच्याशी कामापुरतं बोलू लागली.

तबकडी पुरी करायला व्हायोलिनवाला आला. खुर्चीच्या हातावर चिकटपट्टी अजून तशीच होती, म्हणून तो दुसरी खुर्ची ओढून बसला. त्याने तो तुकडा शेवटपर्यंत ऐकला आणि डोळे पुसले.

"वहिनी, असं तुम्ही कधीच वाजवलं नव्हतं. दादांनी हे ऐकलं असेल तर..." मग चाचरत म्हणाला, "शेवटी शांतता फार लांब आहे. कुठे कापू ते तुम्ही सांगा. हे दादाच सांगायचे."

"पहिल्यापासून लावा."

त्याने लावलं. ती उभी राहून ऐकत होती. पहिला भाग पुरा होत आला, सूर वाटेत येऊन थांबला, आणि हात मागे जाण्याच्या आत ती ओरडली, "झालं!"

त्याने दचकून बंद केलं. "वहिनी, हे तर अर्धंच आहे."

"मी इथंच थांबायला हवं होतं."

"अहो पण, पुढे तर..."

"पुढचं पुसून टाका. माझ्यासमोर पुसा."

त्याने पुष्कळ विनवण्या केल्या. शेवटी तिच्यासमोर पुसलं.

तबकडी निघाली. अधूनमधून कुणीतरी कळवतं की शेवटचा तुकडा मध्येच तुटतो, छापताना काहीतरी बिघडलेलं दिसतं, बदलून मिळेल का? व्हायोलिनवाला प्रत्येकाला उत्तर पाठवतो की तबकडीत बिघाड नाही, ते तिथेच संपतं.